टेकडीवरचं मीठ

हातात काही दिलं की आधी जिभेवर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. "चाखल्याबिगर काय समजते, साहेब?" गावची ढोरं राखणारा हा म्हातारा मातीची चिमूट चाखून सांगायचा, इथं कुणाची म्हैस मुतली आणि ती कितव्या महिन्याची गाभण होती. हसू नका, एकदा तर त्यानं म्हशीच्या मालकिणीचं माहेरही सांगितलं.

बीबी गावाकडच्या त्या खेड्यात मी नवा ग्रामसेवक. टेकडीवरच्या गायरानात सुपर फॉस्फेट खत टाकून गवत वाढतं का, ते पाहायचं होतं. पोती उतरली तशी चावडीपुढं मी फुशारलो, "हे टॉनिक आहे! गवताचं सोडा, गाईनं नुसतं हुंगलं तरी दुधाचा हंडा भरेल!"

लोक खदखदले. म्हाताऱ्यानं दाणा चाखला. "आंबट हाये," एवढंच म्हणाला.

टेकडीवर एक खोलगट दगड होता. दर अवसेला घरोघरचं मूठमूठ मीठ म्हातारा त्यात ओतायचा, ढोरं चाटायची. त्या उन्हाळ्यात ढोरांची हाडं अशी वर आली होती, की त्यांवर टोप्या अडकवाव्यात. म्हाताऱ्यानं मिठात माझं टॉनिक कालवलं. चांगलं घमेलंभर.

दोन दिवसांत चार गाई गेल्या. एक त्याची स्वतःची.

"काऊन बे, कोनं सांगतलं तुले?" सरपंच पाटील पंचायतीत म्हाताऱ्यावर गरजले.

मी चपलेचा अंगठा न्याहाळत होतो. म्हाताऱ्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं.

"कोनी नाही, पाटील. माह्याच जिभेनं धोका देल्ला."

चाळीस वर्षं राखलेली ढोरं त्याच्याकडून काढून घेतली.

संध्याकाळी मी त्याच्या ओसरीवर गेलो. "बाबा, उद्या मी खरं सांगतो सगळ्यांना."

"नका सांगू. तुमाले हाकलतीन, मंग पोते बी जातीन. गवत तं येऊ द्या. ढोरं उपाशी मरून राह्यले, साहेब."

मी सांगितलं नाही. आजवर नाही.

पोती टेकडीवर रिकामी केली. म्हातारा तोवर बायकोला घेऊन नांदुऱ्याला गेला, कापसाच्या गाठी उचलायला. परत आला नाही.

गवत मात्र आलं. पण "तिकडं इख हाये" म्हणून कुणी टेकडीकडं ढोर फिरकू दिलं नाही. दिवाळीला मी वर गेलो. त्या गवतात गाय बसली असती, तर शिंगंसुद्धा दिसली नसती. बसायला गाय नव्हती.