भिंतीतली फट
धानाच्या कोंड्याचा धूर नाकात गेला की माझा गाल आजही चुरचुरतो. इंग्रजी अमलात मास्तरकी मिळाली म्हणून मी कोकणातून केशोरीला आलो, आणि पौषातल्या तिथल्या थंडीनं पहिल्याच आठवड्यात माझी बोटं काळीनिळी केली. शेजारच्या शेतकऱ्यानं गोरसी दिली, म्हणजे कोंडा धुमसत ठेवायची मातीची शेगडी. माझ्या खोलीच्या छपराखाली भिंतीत हातभर फट होती. बांधणाऱ्याचा आळशीपणा समजून मी शहाण्यानं ती भाताच्या तणसानं गच्च बुजवली आणि दार लावून गोरसीजवळ झोपलो. सकाळी शाळेची घंटा वाजली नाही. कुऱ्हाडीच्या घावांनी दार फुटलं, कुणीतरी मला केसांना धरून दंवात फरफटत नेलं आणि थोबाडावर थपडांमागून थपडा हाणल्या. डोळ्यांपुढे अंधारी, दरोडेखोरच वाटला. हाताला लागलेला दगड मी त्याच्या तोंडावर घातला. रक्त थुंकत शेजारी ओरडला, "मरून राहिला होता ना, मास्तर! धुराची फट कायले बुजवली?" त्याचे पुढचे दोन दात मातीत पडले होते. त्यानंतर तो हयातभर मला पाहून त्या दोन दातांवाचून तसाच हसत राहिला. ती फट मात्र मला आजतागायत बुजवता आली नाही.