सलीमभाईने दिलेलं पाणी

मी काट्यावरचा माणूस आहे. वीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या मोजतो. काट्यावर जे चढत नाही ते पावतीवर लिहायचं नाही, हा तिथला नियम आणि माझा स्वभावही. भूत, करणी, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही. म्हणून जे घडलं ते वेळेसकट लिहितो. कुणाला खुलासा सुचला तर सांगा — मला तो हवा आहे.

गाव धाड, तालुका बुलढाणा. बाजाराच्या रस्त्यावर माझा मित्र सलीमभाई याचं गाद्या भरायचं दुकान. ज्या वर्षी गुलाबी अळीने बीटी कापसाची बोंडं आतून पोखरली, त्या वर्षी माझ्या तीन एकरांत सात क्विंटल कापूस निघाला. दुपारनंतर जिनिंगवर गाडी येईना, आणि सलीमकडे गादी भरायला माणूस येईना. रिकामपणात आम्ही दोघांनी मोबाईलवर शेतीचा एक गेम घेतला. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल.

बारा वाफे. चार तासांत गहू तयार. शेजाऱ्याच्या वाफ्यांना बोट लावलं की पाणी मिळायचं, फुकट. आपल्याकडची सावडच ती — आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. दोन वाजता डबा खाऊन मी दुकानात जायचो आणि आम्ही समोरासमोर बसून एकमेकांना पाणी द्यायचो. पन्नाशीतली दोन माणसं!

"काय बे काटेवाल्या, माह्या मक्याले पाणी दे ना!"

"देतो ना. पळून चालला काय तुहा मका?"

"पळून नाई, वाळून चालला. आन् माप काऊन लावून राह्यला पाण्याले? सरळ वत ना!"

वर्षभर असं चाललं. मग अपडेट आलं. शेजाऱ्याला पाणी द्यायचं तर पाच हिरे, नाहीतर तीस सेकंदांची जाहिरात. पुढच्या अपडेटमध्ये जाहिरात गेली, फक्त हिरे राहिले, आणि हिरे विकत. त्यानंतर गेममध्ये अळी आली. ती मारायचं औषध एकोणनव्वद रुपये, आणि औषध घेतलं नाही तर वर्षभराचं वावर डोळ्यांदेखत काळं पडणार. खऱ्या वावरात आम्ही अळी लागू नये म्हणून महागाचं बियाणं घेतलं, मग अळी लागली म्हणून महागाचं औषध. गेम बनवणाऱ्यांनी कापूस पाहिलाही नसेल, पण शेतकरी कुठे पैसे काढतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी एक रुपया दिला नाही. सलीम देत गेला. म्हणायचा, "मेहनत हाये यार तिच्यात. सोडू कशी?"

एकदा त्याचे होणारे व्याही दुकानात बसले होते, मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी आत गेलो तर हा मोबाईलवर औषध घेत होता. मला राग आला, गेमचा की त्याचा, सांगता येत नाही. मी पाहुण्यांसमोर म्हणालो, "चार महिन्यांत दोन हजार तीनशे चाळीस रुपये घातले यानं खोट्या शेतीत. मी जोडले आहेत."

आकडा बरोबर होता. सलीमने मोबाईल पालथा ठेवला. पाहुणे चहा न संपवता उठले. तो एवढंच म्हणाला, "जाय आता." लग्न पुढे झालं, पण दुसरीकडे. आमचं बोलणं बंद झालं ते कायमचं.

सात महिन्यांनी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यासाठी इतर चीजवस्तूंबरोबर मोबाईलही विकला, हे मला बाजारात कळलं. मी भेटायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

आता मुद्द्याचं. एका दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, मी काट्यावर बसून सहज गेम उघडला. माझं वावर ओलं होतं. बाराही वाफे. खाली ओळ: 'सलीम गादीवाला यांनी पाणी दिलं.'

जुनी ओळ राहिली असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सलग अकरा दिवस, दोन दहा ते दोन वीसच्या आत. हिरे कापल्याची नोंद कुठेच नव्हती, आणि फुकट पाणी देण्याची सोयच गेममध्ये आता नव्हती. ते बटण काढून वर्ष झालं होतं!

सलीमचा मोबाईल विकत घेणाऱ्या दुकानदाराला गाठलं. त्याने सुट्या भागांचा डबा उघडून दाखवलं — स्क्रीन दुसऱ्या फोनला लावलेली, उरलेले भाग डब्यात सुटे पडलेले. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: 'प्रिय खेळाडू, नवीन ऑफर पाहिलीत का?'

बाराव्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा हिरे विकत घेतले, एकोणनव्वद रुपयांचे. सावड फेडायची असते. सलीमच्या वावराला पाणी द्यायला बोट लावलं. हिरे कापले गेले आणि पाटी आली: 'हा शेजारी आता खेळत नाही.' हिरे परत मिळाले नाहीत.

मग मात्र मी त्याच्या घरी गेलो. त्याने माफ केलं असेल का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. दुपारचे दोन वाजले होते. सलीम खाटेवर झोपला होता, तोंड अर्धवट उघडं. नसीमभाभी, त्याची बायको, पाण्याची वाटी आणि चमचा घेऊन उशाशी बसली होती. मी गेम उघडून मोबाईल तिच्यासमोर धरला. दोन बारा झाले. पहिला वाफा गडद झाला. मग दुसरा. मग तिसरा. एकेक करून, त्याच्या सवयीप्रमाणे डावीकडून. सलीमचे दोन्ही हात चादरीवर निश्चल होते. मी पाहत होतो, भाभीही पाहत होती.

बाराही वाफे तिने बोटाने मोजले. मग म्हणाली, "भाऊ, याहिले घोटभर पाणी गिळता येत नाई. चमच्यानं पाजतो, अर्ध भाईर येते. आन् हे तुमच्या वावराले पाणी देऊन राह्यले?"

मी मोबाईल खिशात घातला.

"याहिची एक आदत होती," ती म्हणाली. "कोणासंग तोडाचं असलं, का आधी त्याची सावड फेडून टाकत. मंग त्या घराची पायरी नाई चढत."

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती.

मी तिच्या हातातून चमचा घेतला. आता रोज डबा खाऊन तिथे जातो आणि पाणी पाजतो. वावर रोज ओलं होतंच. खामगावच्या एका कम्प्युटरवाल्याने सांगितलं, सर्व्हरचा घोटाळा आहे. असेल. पण घोटाळ्याला दुपारचे दोन दहा कसे कळतात, हे त्यालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

माझ्या हातून सलीम पाणी पितो. पिताना माझ्याकडे पाहत मात्र नाही. मी खाटेजवळ बसलो की तो डोळे मिटून घेतो.