हवेतली बोंडं

"काका, झुकले तुम्ही," ती म्हणायची आणि दोन बोटांनी माझा खांदा मागं भिंतीला लावायची. गावात मला असं तोंडावर म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

बीटी कापसाच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, त्याच हंगामात माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात राहिला. डोक्यामागच्या खुंटीवरची टोपी डाव्या हातानं घालायची नाही हा माझा हट्ट, म्हणून तीही माझी म्हातारी काढून देई. मला ते मान खाली घालायला लावणारं वाटे.

व्यायाम करून घ्यायला दवाखान्यातली ही पोरगी एसटीनं आमच्या पिंपळगाव राजाला येई. एक दिवस तिनं पिशवीतून जाडजूड चष्मा काढला. तो घातला की माझीच खोली दिसे, चुलीशी माझीच म्हातारी, आणि मधे हवेत फुटलेली बोंडं. हात वर नेऊन ती वेचायची. वेचलं की घंटी वाजे.

मला पटलं नाही. अशी पांढरीशुभ्र बोंडं मी बियाण्याच्या पाकिटावर पाहिली होती. शेतात काय निघालं ते तुम्ही जाणताच.

"काय काय टिपून नेते हे?" मी विचारलं.

"तुमचा हात कुठवर गेला, तेवढंच."

मी मान हलवली. विश्वास ठेवला नाही.

घंटी मात्र रोज जास्त वाजू लागली. पोरगी खूश. म्हातारी चुलीपासून म्हणाली, "हवेतला कापूस वेचून राह्यले. टोपी त अजून मीच देऊन राह्यली."

मी चष्मा काढून खाटेवर टाकला. "मशीन खरं का म्हातारी खरी, सांग वं पोरी."

तिनं वाद घातला नाही. माझी पाठ भिंतीला दाबून धरली. "आता उचला." हात छातीशीच अडला.

ती म्हणाली, "काकू खऱ्या. तुम्ही अंग झुकवून हात पोचवत होते. मशीनले हात दिसते, झुकणं दिसत नाही. मले दिसाले पायजे होतं. माह्यी चूक."

बियाणं विकणारा असं कधी म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, तुमची जमीनच खराब.

मग चष्मा असला तरी तिचे डोळे माझ्या खांद्यावर असत. घंटी वाजली तरी, "काका, झुकले तुम्ही." ते बोंड मोजायचं नाही. चष्म्यावरचा माझा संशय शेवटपर्यंत गेला नाही.

पुढं तिची बदली झाली. चष्माही गेला.

परवा म्हातारी बाहेर गेली होती. मी खुंटीवरची टोपी उजव्या हातानं स्वतः काढली. डोक्यावर ठेवणार, तर कळलं, खांदा भिंतीपासून सुटलाय. पाहायला घरात कोणी नव्हतं. डाव्या हातानं टोपी परत खुंटीला अडकवली आणि पाठ भिंतीला लावली.