निरंक न लिहिणाऱ्या गजभियेताई

गजभियेताई गावात शिरल्या की आधी कुणाशी बोलायच्या नाहीत, घरांची दारं पाहत चालायच्या. पोराला गोवर निघाला की आमच्याकडे 'माता आली' म्हणतात, दाराला निंबाचा डहाळा खोचतात आणि परक्याला आत घेत नाहीत. दुसऱ्या नर्सा विचारत फिरायच्या आणि 'काही नाही' ऐकून परतायच्या. ताई डहाळे मोजायच्या. "मानूस लपवते, दार नाही लपवत," असं त्यांचं म्हणणं. स्वतः माता-बिता मानत नसत, पण चप्पल बाहेर काढूनच आत जात.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी तुमसर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात बाबू होतो. दर शनिवारी रोगांचा अहवाल लिहिणं माझं काम. एका उन्हाळ्यात ताईंनी तलावाकाठच्या ढिवरटोलीतून, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतून, गोवराच्या सात पोरांची नावं आणली. केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी यादी बाजूला सारली. वरून पाहणी येणार होती. ही घामोळी आहेत, 'निरंक' लिहा, म्हणजे एकही रोगी नाही, म्हणाले. हिवाळा असता तर थंडीनं अंग फुललं म्हणाले असते, निलाजरा माणूस!

ताई म्हणाल्या, "कागदावरून पुसान साहेब, पोराच्या अंगावरून कसं पुसान?"

साहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. 'निरंक' मी लिहिलं, तेही वळणदार अक्षरात.

रोगच नाही म्हटल्यावर लसीकरणाचं पथक कशाला येतंय? ताई लसीचा डबा खांद्याला लावून एकट्याच टोलीत फिरल्या. उरलेल्या पोरांना लस टोचली, आजाऱ्यांना औषध पाजलं. सहा पोरं उठली. सातवी, सयाबाईची दीड वर्षाची पोर, तिची छाती भरली. ताईंनी भंडाऱ्याला न्यायला गाडी मागितली. गाडी पाहणीवाल्यांसाठी धुऊन ठेवली होती. भंडारा यायच्या आधीच पोर एसटीत, आईच्या मांडीवर गेली.

साहेबांना शाबासकी मिळाली आणि ताईंची बदली साकोलीकडे झाली. आजही आठवलं की माझा हात शिवशिवतो, पण पहिली थप्पड माझ्याच गालावर बसायला हवी.

जायच्या दिवशी ताई मला सयाबाईकडे घेऊन गेल्या. "बाबू, कागदावर काय लिवलं ते तुमच्या तोंडानं सांगा इले," एवढंच म्हणाल्या.

सयाबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुमी सरकारी लोकं होते म्हनून पोरीले दवा तरी भेटली, बाबूजी."

ताई माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. मी पाणी पिऊन उठलो आणि काही न सांगता निघून आलो.