धुळ्याच्या लॅबमधलं ‘तीन शे’

सकाळच्या एसटीने जळगावहून धुळ्याला उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. पिशवीत चार नेटवर्क कार्डं, दोन फ्लॉप्या आणि स्क्रू ड्रायव्हर. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट आहे.

मी मूळची सांगलीची. लग्न करून जळगावला आले आणि एका कॉम्प्युटरवाल्यांकडे नोकरीला लागले. आठ महिने शोरूममध्ये लोकांना कीबोर्ड दाखवत बसले होते, कारण बाईमाणसाला फील्डवर पाठवायची पद्धत नव्हती.

त्या दिवशी आमचे सीनियर विलासभाऊ सावद्याला दुसऱ्या कामात अडकले, म्हणून माझा नंबर लागला. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "जमलं तर उद्यापासून फील्डवर. नाही जमलं तर शोरूम, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

काम एवढंच, की कॉलेजच्या लॅबमधल्या चार मशीन एकमेकींना जोडायच्या. बारा वाजता तपासणी कमिटी येणार होती. एका मशीनवरची फाइल दुसरीवर उघडून त्यांना दाखवायची होती.

"एसटी बसने जायचं आणि कॉम्प्युटरच्या बसमध्ये कार्ड बसवायचं," असा विनोद नवऱ्याने सकाळीच करून घेतला होता. मशीनमध्ये कार्डं ज्या वाटेवर बसतात तिलाही बसच म्हणतात ना... मला काही हसू आलं नाही.

आता काहीही लावलं की चालतं. तेव्हा प्रत्येक कार्डाला दोन नंबर असायचे. एक पत्ता, म्हणजे कॉम्प्युटरने कार्डाला शोधायचं कुठे, आणि दुसरा इंटरप्ट, म्हणजे कार्डाने कॉम्प्युटरला हाक मारायला वाजवायची घंटा.

कार्डावरचे जंपर, म्हणजे पिनांवरच्या बारीक टोप्या, हलवून हे नंबर ठरवायचे आणि कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, फाइलमध्ये तेच लिहायचे. जंपर विलासभाऊंनी लावून ठेवले होते. कुठल्या नंबरावर लावलेत, हे विचारायचं मी विसरले... आणि मॅन्युअल जळगावला राहिलं.

कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून ऑफिसला फोन लावला. उचलला आमच्या स्टोअरकीपर नानांनी. शिरपूरकडचे, निवृत्तीला आलेले, बोलणं अस्सल अहिराणी.

"नाना, विलासभाऊंच्या वहीत धुळ्याच्या कार्डांपुढे काय नंबर लिहिलाय?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "तीन शे."

"तीनशे?"

"हां ताई, तीन शे."

फोन ठेवला. पत्ता तीनशे... बरोबरच होतं, बहुतेक कार्डं त्याच पत्त्यावर येतात. फाइलमध्ये पत्ता तीनशे टाकला. इंटरप्ट आधीपासून पाच होता, तो तसाच ठेवला.

ड्रायव्हर चढला. ‘कार्ड सापडलं’ असा मेसेजही आला. मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या फील्डवर जाऊनही आले.

मग टेस्ट चालवली. एका मशीनने शंभर संदेश पाठवले, दुसरीला मिळाले शून्य.

पुन्हा चालवली, पुन्हा शून्य. केबल बदलली, तिच्या टोकांची टोपणं, म्हणजे टर्मिनेटर, बदलली, कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. अकरा वाजले. प्राचार्य दोनदा दारातून डोकावून गेले. साडेअकराला घाईत हातातला स्क्रू निसटून टेबलाखाली पडला.

तो शोधायला मी खाली वाकले असताना लॅबचे शिपाई आबा आले. कमिटी आली म्हणाले, चहा चाललाय. किती जवळ आलेत ते कळावं म्हणून मी विचारलं, "चहा चाललाय त्या खोलीचा नंबर काय?"

"पाच शे," आबा म्हणाले.

पाचशे? कॉलेजला सगळ्या मिळून अकरा खोल्या...

मी टेबलाखालीच बसून राहिले. शे म्हणजे आहे. पाच शे, पाच आहे. सासरी सगळ्यांना ‘मला अहिराणी कळते’ असं आठ महिने सांगत होते, आणि नानांनी सांगितलेलं ‘तीन आहे’ मला तीनशे ऐकू आलं होतं.

पत्ता नेहमीचाच होता, म्हणून विलासभाऊंनी वहीत फक्त बदललेला इंटरप्ट लिहिला होता. तीन. मी कार्डं शोधली होती बरोबर, पण त्यांची घंटा भलत्याच दारावर लावून ठेवली होती.

चारही मशीनवर पाच खोडून तीन केलं आणि मशीन पुन्हा चालू केल्या. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजत होती. टेस्ट लावली... पाठवले शंभर, मिळाले शंभर.

कमिटीने फाइल उघडलेली पाहिली, मान डोलावली आणि दोन मिनिटांत पुढच्या खोलीत गेली. मी भिंतीला टेकून आबांनी आणलेला गार चहा प्यायले.

संध्याकाळी जळगावला पोचले तर साहेब दारातच. प्राचार्यांचा फोन येऊन गेला होता. "तासाभराच्या कामाला कमिटी दारात येईपर्यंत वेळ का लागला?"

मी फोनवरचा घोळ सांगायला लागले. ‘तीन शे’ ऐकताच नाना स्टोअरमधून उठून आले.

"मन्ही चूक शे साहेब. मीच चुकीना नंबर सांगा."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प राहिले असते तर सुटले असते... एक क्षण राहिलेही, त्याची लाज अजून वाटते. मग मी म्हणाले, "नाही साहेब. नानांनी बरोबर सांगितलं. मला कळलं नाही."

साहेबांनी नुसतं ‘हं’ केलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर फैजपूरच्या कामापुढे माझं नाव होतं.

नानांना मी नंतर विचारलं, तुम्ही खोटं का बोललात. ते पेटीतले स्क्रू निवडत होते, मान वर न करता म्हणाले, "तुले अजून नोकरी करनी शे. मन्ही व्हई गयी."

हे वाक्य मात्र मला पहिल्या झटक्यात कळलं.