नाडी सुटली, मग बांधली का नाही?

नेहा आणि समीर, मागच्या रविवारी फोनवर नेहाने मला विचारलं, "आजी, आई म्हणाली आजोबांची नाडी सुटली. मग कोणी बांधली का नाही?" मी काही सांगायच्या आत ट्रंक कॉल तुटला. मनगटातली नाडी नेहाला ठाऊक नाही, तिला फक्त बुटाची ठाऊक आहे. तरीही सगळ्या भेटायला येणाऱ्यांनी जे जे विचारलं, त्यात हा एकच प्रश्न मला नीट वाटला. ते गेले त्याला दोन महिने होत आले. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण नाडीची हकीकत मात्र सांगता येईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आली की कात्रण पाठवीन. आई वाचून दाखवेल.

तुमचे आजोबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात होते. आठवडाभर गादीवर बसून ठाण उलगडायचे आणि गुंडाळायचे. थंडी पडली की मात्र एखाद्या रविवारी ते आम्हा सगळ्यांना रामटेकला न्यायचे. सकाळच्या गाडीने जायचं, अंबाळ्याच्या तळ्याकाठी पाय धुवायचे, तिथून पायऱ्यांनी गडावर चढायचं आणि पलीकडच्या रानवाटेने खिंडसीचं मोठं पाणी गाठायचं. तिथे भाकरी, मिरचीचा ठेचा, संत्री. संत्र्यांची सालं रुमालात बांधून परत आणायची, कारण "आपण पाहुणे आहो इथं, घरधनी नाही." त्यांचे असे बरेच नियम होते, आणि शाळेत शिस्तीत वाढलेल्या मला ते सुरुवातीला उलटेच वाटत. जो सगळ्यांत हळू चालतो त्याने पुढे राहायचं. चढणाऱ्याला वाट, उतरणाऱ्याने थांबायचं. मोळी घेऊन बाई समोरून आली तर आपण डोंगराच्या अंगाला नाही, दरीच्या अंगाला सरकायचं, म्हणजे ओझ्यासकट तिला कडेला जावं लागू नये. आणि कोणालाही, कधीही, "दमलात का?" असं विचारायचं नाही. हा शेवटचा नियम का, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत आम्ही गेलो तेव्हा माझ्या मोठ्या नणंद, शांतावन्सं, बरोबर होत्या. अंगाने जाड, जिभेने तिखट. नियमाप्रमाणे त्या पुढे. हे त्यांच्या मागे, आणि मी यांच्या मागे. गडाच्या पायऱ्यांवर थोड्या थोड्या वेळाने हे खाली वाकायचे आणि म्हणायचे, "थांबा गा, नाडी सुटली." सगळे थांबायचे. वन्सं कमरेवर हात ठेवून टोमणा मारायच्या, "कापड मोजता येते, पण नाडी बांधता येत नाही तुले!" दिवसभरात हे इतक्या वेळा झालं की मला नवऱ्याची लाज वाटू लागली. पुढच्या खेपेला मी नवीन सुती नाड्या आणल्या आणि घरातून निघतानाच त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना स्वतःच्या हाताने दुहेरी गाठी मारल्या. सुटणं शक्यच नव्हतं. अर्ध्या चढावर हे पुन्हा वाकले. मी मागून पाहिलं, तर ते माझी गाठ नखांनी उकलत होते. चांगली घट्ट होती, उकलेना. मी म्हटलं, "अहो, हे काय करताय?" ते वर न बघता पुटपुटले, "चूप वं. अक्काले धाप लागली. आणि तू गाठ मारून राहिली का शिक्षा करून राहिली?"

मी वर पाहिलं. वन्सं एका पायरीवर टेकल्या होत्या, पदराने कपाळ पुसत होत्या, आणि धाप लागलेली असूनही भावाला नावं ठेवत होत्या. सगळे थांबले होते ते त्यांच्यासाठी नव्हेच, त्या गबाळ्या भावासाठी थांबले होते. वन्संचा मान जागच्या जागी होता… त्यानंतर मी कधी दुहेरी गाठ मारली नाही.

मग तुमची आई झाली, चालायला लागली, आणि पुढे राहण्याचा मान तिच्याकडे गेला. ती थकली की रडायची नाही, नुसतं मागे वळून वडिलांच्या बुटांकडे बघायची. ते लगेच वाकायचे. वन्सं वारल्या, तुमची आई लग्न होऊन परदेशी गेली, तरी आम्ही दोघं जात राहिलो. दोघांत पुढे कोण, यावर गाडीत वाद व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना आमच्या घराचाच जिना जड जाऊ लागला. हृदय थकलं होतं, छातीत पाणी साठत होतं. औषधं मी घड्याळाच्या काट्यावर दिली, मीठ तोडलं, उशा रचल्या. माझ्या हातून जे व्यवस्थित होण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि त्याने काहीही झालं नाही. जिना चढताना नियमाप्रमाणे ते पुढे, मी मागे. मला कुठल्या नाड्या? मी मधल्या पायरीवर "थांबा हो" म्हणून निऱ्या सारख्या करायचे. अशा दोन-तीन खेपा झाल्या. मग एकदा कठडा धरून, श्वास गोळा करत हसले. "काहून वं, इतक्या वर्षांत निऱ्या कधी सुटल्या नाही, आताच काहून सुटून राहिल्या?" मी म्हटलं, "नवीन साडी आहे, घसरते." ते म्हणाले, "हो का! ठाण आमच्याच दुकानातलं असन." आणि आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो, पुरेसा वेळ.

इस्पितळात शेवटच्या दुपारी ते पुरते शुद्धीत नव्हते. डोळे मिटलेले, पाय चादरीखाली हलत होते. एकाएकी स्वच्छ म्हणाले, "थांबा गा जरा… माणूस मागं राहून राहिला." मी उठले. खोलीत मी, नर्स आणि डॉक्टर होते. पुढे कोण चाललं होतं, कोणाला थांबवायचं, मला काही कळेना. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पुन्हा एकदा "थांबा गा" म्हटलं. कोणी थांबलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांनी मनगट खाली ठेवलं आणि नेहाने पुढे आईकडून ऐकले ते दोन शब्द उच्चारले.

तुमची आई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. अस्थी अंबाळ्यात सोडायच्या हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. काठावर विधी झाला, चपला घाटावरच काढलेल्या होत्या. तुमची आई म्हणाली, "थोडं वर जाऊ या का, जिथून खिंडसीचं पाणी दिसतं तिथवर?" मी हो म्हटलं. पायऱ्या त्याच होत्या, माझे गुडघे ते नव्हते. मी पुढे, ती मागे. थोडं चढल्यावर माझ्या छातीत भाता सुरू झाला. बोलणार नव्हतेच मी. पण मागून आवाज आला, "आई, थांब गं, नाडी सुटली."

मी वळून पाहिलं. ती पायरीवर खाली वाकली होती आणि आपल्या अनवाणी पावलावर बोटं फिरवत होती. मान वर करत नव्हती. मीही काही विचारलं नाही. तळ्यावर ऊन होतं. माझा श्वास परत येईपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

मुलांनो, वाचता वाचता तुमची आई इथे थांबेल. तिला थांबू द्या. का थांबलीस, असं विचारू नका.

कॅनव्हासचे बूट माझ्याकडे आहेत. नाड्या धुऊन पुन्हा ओवल्या आहेत. गाठ मारलेली नाही.