लेकीला झोळीत ठेवलं तेव्हा

तुमचं मशीन बिघडलंय, असं मी दवाखान्यात कान तपासणाऱ्या बाईंना तोंडावर सांगितलं. माझी लेक बीडच्या दवाखान्यात जन्मली, तेव्हाच त्यांनी तिच्या कानात इवलंसं रबरी बोंड घालून तपासणी केली होती. कधी कधी जन्मतानाचं पाणी कानात राहतं, पुन्हा एकदा बघू, असं म्हणाल्या होत्या. म्हणून दीड महिन्यानं आम्ही वडवणीहून एसटीनं परत गेलो. तरी मशीनचं म्हणणं तेच, ऐकू येत नाही, आणि तेही दोन्ही कानांबद्दल. माझं डोकंच फिरलं.

"अहो बाई, हिला सगळं ऐकू येतं," मी म्हणाले. "संध्याकाळी मेंढरं घरी आली की कितीही गाढ झोपेत असली तरी टक्कन डोळे उघडते. आमच्या घरी कुणालाही विचारा."

मी खोटं सांगत नव्हते. आमचं घर मेंढरांचं. दिवसभर कळप रानात आणि दूधपिती कोकरं घरी कोंडलेली. दिवस कलला की कोकरांच्या ओढीनं मेंढ्या शेवटच्या वळणापासून धावतच सुटतात. तेव्हा लेक सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून निजवलेली असायची. मेंढ्या दिसायच्या आधीच ती अंग ताठ करून डोळे उघडायची. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते तर अख्ख्या भावकीत सांगत सुटले होते, "मेंढक्याची नात हाय. आमच्या आधी तिला कळतंय."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निजवता कुठं?"

"खाली. घोंगडीवर."

"मग एवढी जनावरं पळत आली की जमीन हादरत असणार. ते तिच्या अंगाला कळत असेल." पुढं त्या म्हणाल्या की मोठी तपासणी करून घेऊ, ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लवकर लावायला हवं. मूल ऐकून ऐकूनच बोलायला शिकतं, हे महिने हातचे गेले तर बोलणं मागं पडतं.

परतीच्या एसटीत माझा संताप मावेना. माझ्या लेकराला बहिरं ठरवणाऱ्या या कोण?

घरी आल्यावर मामांना तावातावानं सगळं सांगितलं. ते हसले. "दावून देऊ की त्यास्नी. उद्याच बघ."

दुसऱ्या दिवशी लिंबाच्या फांदीला, जमिनीपासून उंच, जुन्या लुगड्याची झोळी बांधली. लेक जागी होती, पोट भरलेलं होतं. मी झोळीला हात न लावता समोर उभी राहिले. कळप आला. कोकरांनी एकच कालवा केला, मेंढ्या ओरडत झोळीजवळून गेल्या, कुत्रं भुंकलं, नवऱ्यानं शीळ घातली. लेक वर पानांकडं बघत मूठ चोखत राहिली.

"वारं उलटं हाय," मामा म्हणाले. पान हलत नव्हतं. मग त्यांनी जेवायची पितळी आणली आणि तिच्या डोक्यामागं धरून दगडानं बडवली. माझ्या कानठळ्या बसल्या. लेकीची पापणीही लवली नाही.

मामांनी तिला उचलून घोंगडीवर ठेवलं. मागं राहिलेल्या मेंढ्या तेवढ्यात धावत आल्या, आणि तिनं अंग ताठ करून डोळे मोठे केले. मामा मटकन खाली बसले. दूध पाजताना मी तिच्याशी केवढं बोलले होते, सासूच्या चहाड्यासुद्धा सांगून झाल्या होत्या. त्यातलं एक अक्षर तिला पोचलं नव्हतं. मला रडूही येईना. भाकरी कुणी केल्या त्या दिवशी, तेसुद्धा आठवत नाही.

सासूबाईंना वेगळाच घोर लागला. "एवढुशा कानाला मशीन? लोक काय म्हंतील? पोरीची जात हाय. दोन वरसं थांबू, बोलंल ती."

मी तोंड उघडायच्या आत मामा कडाडले, "थांबायचं कावून? कोकरू दूध ओढंना तर आपुन दोन वरसं थांबतो व्हय?"

मोठी तपासणी झाली. बाईंनी निकाल सांगितला, दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं; मला त्यात नवीन काही नव्हतं.

चौथ्या महिन्यात मशीनं आली. बाईंनी ती तिच्या दोन्ही कानांमागं बसवली आणि मला म्हणाल्या, "बोला आता. नेहमीसारखं." काय बोलायचं तेच सुचेना. शेवटी मी म्हणाले, "अगं माझी बाय."

तिनं दचकून माझ्याकडं पाहिलं. ओठ थरथरले, आणि ती घाबरून रडायला लागली. कुठल्या पितळीला नाही, आईच्या आवाजाला. मी चरकले, पदरानं तोंड दाबून घेतलं. बाईंनी खूण केली, थांबू नका. मग मी तिला छातीशी धरून, पुन्हा पुन्हा, सांगायला लागले की मी तुझी आई आहे.